गीझरचा ॲनोड रॉड घरच्या घरी बदलताना

दिवाळीच्या तोंडावर पुण्यात इलेक्ट्रिशियन मिळणे अवघड. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला कडकडीत पाणी हवे असते आणि गीझर नेमका तेव्हाच दगा देतो. माणूस येतो, कॉइल बदलतो, पैसे घेऊन जातो. पुढे वर्षा-दोन वर्षांत टाकीच खालून पाझरायला लागते, आणि ‘आता नवाच घ्या’ असा निकाल लागतो. या सगळ्या व्यवहारात एका भागाचे नाव कुणीच काढत नाही. टाकीच्या आत, कॉइलच्या शेजारी, मॅग्नेशियमचा एक रॉड बसवलेला असतो. कंपनीच्या पुस्तिकेत त्याला ॲनोड म्हणतात.

त्याचे नाव निघत नाही याला कारण आहे. कॉइल गेली की पाणी थंड राहते, म्हणून ती लगेच कळते. ॲनोड संपला तर काहीच होत नाही. पाणी तसेच तापते, बिल तेवढेच येते. फक्त त्या दिवसापासून टाकीचे पोलाद गंजायला लागते आणि हे बाहेरून दिसत नाही. दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. काही शे रुपयांचा हा रॉड वेळेवर बदलला तर काही हजारांची टाकी वाचते. काम अर्ध्या दिवसाचे आहे, आणि साधा पाना व टेस्टर हाताळता येणाऱ्या माणसाला जमण्यासारखे आहे. मात्र ते नवरात्राच्या आधी उरकावे, धनत्रयोदशीला काढू नये.

रॉड करतो काय

साठवणीच्या बहुतेक गीझरांची टाकी साध्या पोलादाची असते. तिच्या आतून काचेसारखा मुलामा दिलेला असतो. आठशे अंशांच्या वर भट्टीत भाजून तो पोलादावर बसवतात. बाजारात याला ग्लास लाइनिंग म्हणतात. मुलामा उत्तम असतो, पण अखंड कधीच नसतो. जोडाच्या शिवणीवर, आट्यांच्या जवळ, सूक्ष्म छिद्रांतून पोलाद उघडे राहतेच. गरम पाणी तिथे पोहोचले की गंज सुरू.

मॅग्नेशियम लोखंडापेक्षा इलेक्ट्रॉन सोडायला कितीतरी तयार असते. प्रमाणित विभव पाहिले तर लोखंड उणे ०.४४ व्होल्टवर आहे, मॅग्नेशियम उणे २.३७ वर. दोन्ही धातू एकाच पाण्यात असतील आणि एकमेकांना धातूनेच जोडलेले असतील, तर झिजायची पाळी मॅग्नेशियमची येते आणि लोखंड शाबूत राहते. ‘एकमेकांना धातूनेच जोडलेले’ ही अट लक्षात ठेवा, पुढे बसवताना तिच्यावरच सगळे अवलंबून आहे.

युक्ती जुनी आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर ती करून पाहिली. लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि खाऱ्या पाण्यात ते खाल्ले जात. डेव्हींनी त्यांना जस्ताचे व लोखंडाचे लहान तुकडे जोडले. तांबे झिजायचे थांबले खरे, पण विरघळणारे तांबे समुद्री जिवांना विषारी असल्याने तळ स्वच्छ राहत होता, तेही थांबले. शेवाळ आणि शिंपले चिकटून जहाजे मंदावली आणि आरमाराने तो नाद सोडला. पोलादी जहाजे आल्यावर मात्र याच युक्तीचे दिवस पालटले. आज जहाजांचे तळ आणि जमिनीखालच्या पोलादी वाहिन्या अशाच राखल्या जातात.

एक शंका हमखास येते. बोअरच्या पाण्यात मॅग्नेशियम असतेच, मग वेगळा रॉड कशाला? पाण्यातले मॅग्नेशियम क्षाराच्या रूपात विरघळलेले असते, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन आधीच देऊन झालेले असतात. ते टाकीला काही देऊ शकत नाही, उलट कॉइलवरच्या थरात भर घालते.

पाणी कुठले, यावर सगळे

पुण्यात ‘रॉड किती दिवस टिकतो’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण पुण्याचे पाणी एक नाही. टेमघर, पानशेत, वरसगाव आणि खडकवासला या साखळीतून येणारे पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस. ते बऱ्यापैकी मृदू असते. सदाशिव पेठेत किंवा कोथरूडला निव्वळ महापालिकेच्या पाण्यावर चालणारा गीझर वर्षानुवर्षे कुरकुर करत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. तिथल्या अनेक सोसायट्यांचे गणित वेगळे आहे. वाघोली, उंड्री, पिसोळी, सूस, म्हाळुंगे या भागांत बोअर आणि टँकरवर बरीच भिस्त असते. बेसॉल्टच्या भेगांतून झिरपलेले पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. बोअरचे पाणी पहिली मर्यादा सहज ओलांडू शकते.

क्षार जास्त म्हणजे पाण्यातून वीज सुलभतेने वाहते, आणि ती जितकी सुलभ वाहील तितका रॉड लवकर झिजतो. शिवाय तापवलेल्या पाण्यातून चुन्याचा थर सुटतो तो वेगळाच.

आणि इथे एक गंमत आहे. पाणी जड आहे म्हणून बऱ्याच सोसायट्या मीठ घालून चालणारा सॉफ्टनर बसवतात. त्याने नळावरचे पांढरे डाग जातात, साबणाला फेस येतो, कॉइल स्वच्छ राहते. पण सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही; कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम देतो. पाण्याची वीज वाहण्याची ताकद तशीच राहते, आणि टाकीच्या आतल्या बाजूला थोडे संरक्षण देणारा चुन्याचा पातळ थरही आता बसत नाही. परिणामी रॉड पूर्वीपेक्षा लवकर संपतो. सॉफ्टनर बसवला म्हणून गीझरकडे बघायला नको, असे समजणाऱ्यांची फसगत होते ती इथे.

माझा हिशोब असा: निव्वळ पालिकेचे पाणी असेल तर दोन वर्षांनी रॉड पाहावा. उन्हाळ्यात टँकरचे मिश्रण होत असेल तर दरवर्षी. बोअर किंवा सॉफ्टनर असेल तर पहिल्या वेळी सहा-आठ महिन्यांतच उघडून बघावे आणि झीज पाहून पुढची तारीख ठरवावी.

आधी हे तपासा

प्रत्येक गीझरला रॉड नसतो. तीन लिटरच्या इन्स्टंट गीझरला बहुधा नसतो. जुन्या तांब्याच्या टाक्यांनाही नसे. १०, १५, २५ लिटरच्या ग्लास लाइनिंगच्या टाक्यांना हमखास असतो. पुस्तिकेत किंवा अंगावरच्या स्टिकरवर पाहा. गच्चीवरच्या सौर बंबाची टाकी ग्लास लाइनिंगची असेल तर तिलाही असतो. सौर बंब लावला म्हणून मिळकतकरात सवलत घेणारे पुणेकर त्या टाकीतला रॉड पाहतात की नाही, कोण जाणे.

वॉरंटी चालू असेल तर स्वतः उघडू नका. टाकीवर बहुधा कॉइलपेक्षा जास्त वर्षांची वॉरंटी असते आणि ती राखायची तर कंपनीचाच माणूस बोलवावा लागतो. तो आला की मात्र ‘रॉड काढून दाखवा’ असे स्पष्ट सांगा. भाड्याच्या घरात राहत असाल तर आधी घरमालकाला विचारा. गीझर त्यांचा, खर्चही त्यांचा.

अमेरिकेत आरव्ही घेऊन, म्हणजे चाकांवरचे घर घेऊन हिंडणाऱ्या आपल्या मंडळींना हा रॉड चांगला ठाऊक असतो. तिथल्या पोलादी टाकीच्या गीझरांत तो पाणी सोडायच्या बुचालाच जोडलेला असतो. बाहेरून पान्याने बूच फिरवले की पाणीही निघते आणि रॉडही हातात येतो. आपल्याकडच्या भिंतीवरच्या गीझराला ही चैन नाही. कॉइल, थर्मोस्टॅटची नळी आणि रॉड हे तिन्ही एकाच गोल पत्र्यावर, फ्लँजवर, बसवलेले असतात. रॉड बघायचा तर फ्लँज उतरवावाच लागतो, आणि फ्लँज उतरवायचा तर टाकी रिकामी करावी लागते.

सामान

नवा रॉड आणि फ्लँजचे नवे गॅस्केट ही दोनच खरी खरेदी. दोन्ही मॉडेल नंबरनुसार घ्या, कारण रॉडची लांबी, जाडी आणि आट्या मॉडेलगणिक बदलतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मिळाले तर उत्तम. नाही तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच. तिथे जाताना मॉडेलच्या स्टिकरचा फोटो न्या. जमल्यास जुना रॉडच घेऊन जा. पहिल्यांदाच करत असाल तर सकाळी गीझर उघडा, रॉड खिशात घालून गल्ली गाठा आणि दुपारी बसवा, हे सगळ्यात बिनचूक. रॉड मॅग्नेशियमचाच मागा. ॲल्युमिनियमचे रॉडही असतात. ते कधी घ्यायचे ते पुढे येईल.

बाकीचे घरात असते किंवा शेजाऱ्याकडे मिळते: टेस्टर, शक्य असेल तर मल्टिमीटर, स्क्रूड्रायव्हर, नटांच्या मापाचा बॉक्स पाना, कनेक्शन पाइपसाठी स्लाइड पाना, टेफ्लॉन टेप, दोन बादल्या, जुनी फडकी, टॉर्च, किराणा दुकानातले सायट्रिक ॲसिड, आणि डगमगणार नाही अशी शिडी. ओल्या फरशीवर प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभे राहून हे काम करू नका.

वीज बंद, पाणी बंद

गीझरचे बटण बंद करून भागत नाही. वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली असेल तर बटण बंद असूनही आत वीज राहते. डीबीतला गीझरचा एमसीबी पाडा, प्लग असेल तर तोही काढा, आणि घरातल्यांना सांगून ठेवा. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो पेटतो का पाहा. बिघडलेला टेस्टर नेहमीच ‘वीज नाही’ म्हणतो.

मग पाणी गार होऊ द्या. रात्रीच वीज बंद करून ठेवली तर बरे. घाई असेल तर गरम नळ सोडून गार पाणी येईपर्यंत वाहू द्या. ते बादल्यांत भरून फरशी धुवायला वापरा.

आता गीझरखालचा निळ्या खुणेचा, म्हणजे थंड पाण्याचा, अँगल कॉक बंद करा. वर्षानुवर्षे न फिरवलेला अँगल कॉक पूर्ण बंद होत नाही, हा बहुतेक जुन्या इमारतींचा अनुभव. मिक्सरचा गरम नळ उघडून पाहा. थोडे पाणी येऊन धार थांबली तर कॉक धरतो आहे. धार चालूच राहिली तर न्हाणीघराची किंवा गच्चीवरून येणाऱ्या लाइनची मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा लागेल. गच्चीवरचा करायचा असेल तर खालच्या-वरच्या मजल्यांना आधी कळवा, नाही तर रविवारी सकाळी जिन्यात सभा भरेल.

टाकी रिकामी करणे

निळ्या बाजूला गीझरच्या तोंडाशी एक पितळी व्हॉल्व्ह असतो, छोटी दांडी असलेला. दाब फार वाढला तर पाणी बाहेर सोडणे आणि गरम पाणी उलटे थंड लाइनमध्ये जाऊ न देणे, ही त्याची दोन कामे. उलटे पाणी तो अडवतो, म्हणून तो जागेवर असताना टाकी नीट रिकामी होत नाही. त्याची दांडी उचलून दाब मोकळा करा, खालचा कनेक्शन पाइप सोडवा आणि मग व्हॉल्व्ह काढा.

बादली आधी खाली धरा. तरीही पाणी थेंबथेंबच येईल, कारण आत हवा शिरायला वाट नाही. लाल बाजूचा पाइपही गीझरपाशी सोडवा. उभ्या गीझरात गरम पाण्याची नळी आतून टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेली असते. ती मोकळी झाली की वरून हवा येते आणि निळ्या तोंडातून धार पडते. २५ लिटरच्या टाकीतून पंचवीस किलो पाणी येणार. ते न काढता फ्लँजला हात लावलात तर ते सगळे अंगावर येईल. आडव्या गीझराची रचना वेगळी असते. पुस्तिकेतले चित्र पाहिल्याशिवाय तो उघडू नका.

गीझर भिंतीवरून उतरवायची सहसा गरज नसते. फक्त त्याच्या खाली रॉड आणि कॉइल सरळ बाहेर निघतील इतकी मोकळी जागा हवी. माळ्यावर कोंबलेला गीझर असेल तर मात्र दोन माणसे लागतील.

फ्लँज उतरवणे

खालचे प्लॅस्टिकचे झाकण स्क्रूंवर असते. ते काढल्यावर तारा दिसतील. टर्मिनलांवर पुन्हा टेस्टर किंवा मल्टिमीटर लावून खात्री करा. मग मोबाइलने दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. कुठली तार कुठे होती हे संध्याकाळी आठवत नाही. कॉइलच्या तारा, अर्थची तार, थर्मोस्टॅट आणि जादा तापल्यास वीज तोडणारा कटआउट हे सगळे सावकाश सोडवा. थर्मोस्टॅटची बारीक तांब्याची नळी असेल तर ती मुडपू देऊ नका. तिच्यात द्रव भरलेला असतो आणि ती मोडली की थर्मोस्टॅट गेला.

फ्लँजवर पाच-सहा नट असतात. एकच नट पूर्ण काढून मग दुसरा, असे करू नका. समोरासमोरचे नट थोडे थोडे सैल करत जा. शेवटचे दोन राहिले की एका हाताने फ्लँज धरा. आत अजून लोटाभर पाणी आणि गाळ असतो. फ्लँज क्षाराने चिकटला असेल तर हलके गोल फिरवून सोडवा. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटलात तर काठावरचा मुलामा टिचतो, आणि जिथे टिचला तिथेच उद्या भोक पडते. पाच वर्षे न उघडलेल्या टँकरवाल्या गीझरात रॉड आणि कॉइल मिळून क्षाराचा एकच गठ्ठा झालेला असतो. तो तोंडातून निघत नाही. अशा वेळी ओढाताण न करता खालूनच लाकडी पट्टीने क्षार फोडून पाडावा लागतो. फरशीच्या जाळीवर फडके टाकून ठेवा, नाही तर तुकडे ट्रॅपमध्ये जाऊन बसतील.

रॉड काय सांगतो

हा या कामातला सगळ्यात उपयोगाचा भाग आहे, आणि घाईत नेमका तोच राहून जातो. जुना रॉड टाकून द्यायच्या आधी उजेडात धरून पाहा.

रॉड खडबडीत आहे, खड्डे पडलेत, पण निम्म्याहून जास्त जाडी शिल्लक आहे, तर तो नीट काम करतो आहे. पुसून परत बसवला तरी चालेल. पण टाकी उघडलीच आहे आणि पुढच्या वर्षी पुन्हा उघडायची इच्छा नसेल तर बदलून टाका. जाडी निम्म्याच्या खाली गेली असेल किंवा मधली पोलादी तार दिसत असेल तर बदलायलाच हवा. नुसती तार लोंबत असेल तर टाकी काही काळापासून उघड्यावर आहे, असे समजा.

रॉडवर पांढरा, कडक थर बसून तो आतून जाड राहिला असेल तर त्याला चांगला समजू नका. त्या थरामुळे पाणी धातूला लागत नाही आणि रॉडचे काम बंद पडलेले असते. बोअरच्या पाण्यात हे दिसते.

आणि दोन वर्षांनंतरही रॉड नव्यासारखा गुळगुळीत दिसला तर खूश होऊ नका. पाणी अगदी मृदू असेल तर झीज कमी होते हे खरे. पण बऱ्याचदा रॉडचा टाकीशी धातूचा जोडच तुटलेला असतो: नट सैल, आट्यांत गंज, किंवा जोडतार लावायची राहिलेली. मग झिजते आहे ती टाकी.

साफसफाई

रॉड फ्लँजवरून काढल्यावरच कॉइल धुवायला घ्या. आम्लात मॅग्नेशियम टाकले तर ते बुडबुडे सोडत विरघळते. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, या प्रमाणात उंच भांड्यात द्रावण करा आणि कॉइलचा फक्त गरम होणारा भाग त्यात बुडवा. टर्मिनल कोरडेच राहायला हवेत. तास-दोन तासांत थर मऊ होतो, मग लाकडी पट्टीने किंवा जुन्या टूथब्रशने निघतो. हातोडीने ठोकू नका. संडास साफ करायचे ॲसिड तर मुळीच नको. ते क्षाराबरोबर कॉइलचे आवरणही खाते आणि बंद न्हाणीघरात त्याचा वास छातीत बसतो.

टाकीचा तळ फडक्याने पुसून काढा, गाळ बाहेर घ्या आणि टॉर्चने आत बघा. मुलाम्यावर एखाददुसरा तांबडा ठिपका चालेल. शिवणीवरून गंजाचे ओघळ उतरलेले असतील आणि बाहेरच्या पत्र्याखालून आधीपासून पाणी झिरपत असेल, तर इथेच थांबा. अशा टाकीला नवा रॉड घालणे म्हणजे पैसे पाण्यात. गळकी टाकी कुणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तर नको म्हणा. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा मुलामा जळतो.

नवा रॉड बसवणे

फ्लँजवर रॉडच्या जागेचा गंज पॉलिशपेपरने घासून धातू चकचकीत करा. रॉडच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. प्लंबरचा हात सवयीने टेपकडे जातो, पण इथे धातूला धातू लागणे हेच तर काम आहे. घट्ट आवळा, पण आट्या मारल्या जातील इतके नाही. काही मॉडेलांत रॉड आणि फ्लँज यांच्यात एक छोटी जोडतार असते; ती विसरू नका. मल्टिमीटर असेल तर रॉड आणि फ्लँज यांच्यामधला रोध मोजा. आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. जोडतारेच्या मॉडेलात पुस्तिकेत लिहिले असेल तेवढा. मल्टिमीटरचे हे एक मोजमाप पुढच्या दोन वर्षांची खात्री देते.

रॉड कॉइलला टेकत नाही ना, हे पाहा. गॅस्केट नवेच घाला. जुने वरून चांगले दिसले तरी दाबून चपटे झालेले असते. त्यावर सिलिकॉनची पेस्ट थापायची गरज नाही. टाकीचा काठ आणि फ्लँज कोरडे, स्वच्छ असले की पुरे. फ्लँज आधी होता त्याच दिशेने बसवा, फोटो बघून. नट पुन्हा समोरासमोर, थोडे थोडे आवळा. उंच इमारतीत खालच्या मजल्यांना पाण्याचा दाब जास्त असतो, दर दहा मीटरला साधारण एक बार. एकाच बाजूने आवळलेले गॅस्केट तिथे टिकत नाही.

पितळी व्हॉल्व्हच्या आट्यांना टेफ्लॉन टेप मात्र लावा, आट्यांच्या दिशेने आठ-दहा वेढे. व्हॉल्व्हवरचा बाण टाकीकडे हवा. त्याच्या छोट्या तोंडातून अधूनमधून पाणी ठिबकते. वैतागून ते तोंड बुजवणारे लोक आहेत. तसे कधीही करू नका. दाब वाढला तर तीच एक सुटकेची वाट असते. कनेक्शन पाइपांना आत रबरी वायसर असतो, तिथे टेप नको. हाताने घट्ट करून पान्याने किंचित फिरवा.

पाणी आधी, वीज नंतर

अँगल कॉक सावकाश उघडा आणि मिक्सरचा गरम नळ उघडाच ठेवा. आधी हवा फुसफुसेल, मग तुटक धार, मग अखंड धार. अखंड धार आली म्हणजे टाकी भरली. त्याआधी बटण दाबले तर कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते.

नळ बंद करा आणि झाकण न लावता अर्धा तास फ्लँजकडे बघा. काठाला बोट फिरवून ओल लागते का पाहा. कोरडा टिश्यू पेपर धरला तर एक थेंबही कळतो. सगळे कोरडे असेल तरच तारा फोटोप्रमाणे जोडा. अर्थची तार सगळ्यात आधी आणि सगळ्यात घट्ट. झाकण लावा, एमसीबी चढवा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर त्याचे टेस्ट बटण या निमित्ताने दाबून पाहा. नसेल तर रॉडच्या आधी तो बसवून घ्यायला हवा होता.

पहिल्यांदा पाणी तापून गार झाल्यावर वीज बंद करून फ्लँजचे नट पुन्हा एकदा तपासा. गॅस्केट उष्णतेने बसते आणि नट जरासे सैल होतात.

थर्मोस्टॅट ७५ वर ठेवायची सवय असेल तर ६० च्या आसपास आणा. त्याच्या वर क्षार झपाट्याने सुटतात, रॉडही लवकर झिजतो, आणि मिक्सरमध्ये गार पाणी मिसळावे लागते ते लागतेच.

नंतरची लक्षणे

नव्या रॉडनंतर पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला तर रॉड नकली आहे असे समजू नका. बोअरच्या पाण्यातले काही जंतू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि मॅग्नेशियममुळे त्यांना हातभार लागतो. सोसायटीच्या टाक्यांची सफाई आणि क्लोरिन हा पहिला उपाय. तरीही वास गेला नाही तर ॲल्युमिनियम-जस्ताच्या मिश्रधातूचा रॉड लावून बघावा. मात्र तसा रॉड असलेल्या गीझरचे पाणी चहाला किंवा डाळीला घेऊ नये. खरे तर कुठल्याच गीझरचे घेऊ नये.

मॅग्नेशियम झिजताना थोडा हायड्रोजन वायू सुटतो. रोज पाणी वापरले की तो निघून जातो. उन्हाळ्यात महिनाभर घर बंद ठेवून कोकणात गेलात, तर परत आल्यावर खिडकी उघडून गरम नळ मिनिटभर सोडा. त्या वेळी न्हाणीघरात उदबत्ती, काडेपेटी, सिगरेट काही नको.

जुना रॉड भंगारात द्या. मुलांच्या हाती देऊ नका आणि ग्राइंडरवर घासून बघू नका. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो आणि त्यावर पाणी टाकले तर आग भडकते.

गीझरच्या अंगावर मार्करने तारीख लिहा: रॉड बदलला, महिना, वर्ष. पुढच्या वेळी येणाऱ्या इलेक्ट्रिशियनला, घराच्या पुढच्या मालकाला आणि तुम्हाला स्वतःलाही तेवढी नोंद पुरते.

आणि कधी नवा गीझर घ्यायची वेळ आलीच, तर लिटर, स्टार आणि रंग विचारून झाल्यावर दुकानदाराला एक प्रश्न आणखी विचारा: या मॉडेलचा ॲनोड सुटा मिळतो का, आणि किती दिवसांत? ‘तो काय असतो?’ असे उत्तर आले, तर दुसरे दुकान बघा.